जवळजवळ सर्वत्र

माझं अक्षर चांगलं आहे. ही बढाई नाही. साताऱ्यात आमच्या बाबांनी लहानपणी हातावर रूळ मारून ते घडवून घेतलं. पुढे शाळेच्या फळ्यावरचा सुविचार, गॅदरिंगची पत्रिका, शेजारच्या मुलींच्या रुखवतावरच्या चिठ्ठ्या, सगळं आपोआप माझ्याकडे येत गेलं. लोक माझं लिहिलेलं आधी बघतात, 'वा' म्हणतात, आणि पुष्कळदा वाचायचं राहूनच जातं. बनसोडे सरांचंही तेच झालं. त्यांनी वाचायच्या ऐवजी नुसतं बघितलं आणि तिथेच त्यांचा घात झाला. त्यामुळे सरांबद्दल लिहायला बसले की पहिल्यांदा मला माझ्या अक्षराचाच राग येतो.

नव्वदीची मधली वर्षं होती. मी सांगलीच्या कॉलेजात एम.एस्सी. गणिताला आले तेव्हा बनसोडे सर पंचेचाळिशीचे असतील. उंच, काळेसावळे, किंचित वाकलेले. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, उन्हाळा असो की हिवाळा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. सायकलवरून यायचे. सायकलच्या हँडलला कापडी पिशवी आणि पिशवीत खडूचं स्वतःचं खोकं, एक वही आणि स्टीलचा पेला. विभागात चहा आला की बाकी सगळे कपात प्यायचे, सर पिशवीतून आपला पेला काढायचे. चहा झाला की पेला स्वतः विसळून पुन्हा पिशवीत. एकदा एका नव्या प्राध्यापकांनी हसत विचारलं, 'बनसोडे, कपाशी भांडण आहे का?' सर म्हणाले, 'सवय हाय.' कुणी लावलेली सवय, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

सर कुंडलच्या पलीकडच्या एका लहानशा गावचे, बौद्ध घरातले. पुण्याला राहून त्यांनी ज्या विषयात पीएच.डी. केली होती त्याचं नाव उच्चारतानाच आमची दमछाक व्हायची: भौमितिक मापसिद्धांत. सांगली, सातारा, कोल्हापूर असं सगळं पालथं घातलं तरी हा विषय शिकवणारं दुसरं माणूस सापडलं नसतं. आणि शिकवायला मागणारंही. सर मात्र असं बोलायचे की जणू हा विषय कुंडलच्या शिवारातच उगवला आहे.

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर बटाट्यासारखा एक वेडावाकडा आकार काढला.

'ह्याचं क्षेत्रफळ काढायला सगळे धावतात,' ते म्हणाले. 'मला आतलं नको. ह्याची हद्द दाखवा.'

जतचा एक मुलगा उठला आणि त्यानं रेघेवर बोट ठेवलं.

'तुझं बोट लय जाडं हाय गड्या,' सर म्हणाले. 'अर्धं आत गेलंय, अर्धं बाहेर. हद्दीला जाडी नसती.'

मुलानं खडूचं टोक ठेवलं. तेही जाड निघालं. मग पेन्सिल, मग टाचणी. शेवटी वर्ग हसायला लागला तेव्हा सर म्हणाले, 'हसू नका. ही न दिसणारी रेघ, तिच्यावर आमच्या आज्याची भाकरी होती.'

त्यांचे आजोबा गावची हद्द ठाऊक असणारे. दोन गावांत शिवेवरून भांडण लागलं की त्यांना बोलावणं यायचं. 'आज्या पुढं, दोन्ही गावचे पाटील मागं. आज्या जिथनं चालंल ती हद्द. कागद न्हाई, नकाशा न्हाई, आज्याचं पाऊल. आणि परत गावाशी आले की पाटील वेशीच्या आत, आज्या बाहेर.' एवढं सांगून ते फळ्याकडे वळले आणि पहिली व्याख्या लिहिली. आवाजात काही फरक पडला नव्हता. वडील मोजणी खात्यात साखळी ओढायला होते. ती मोजणीची लोखंडी साखळी, गंजलेली, जागोजागी तारेनं जोडलेली, सरांच्या विभागातल्या कपाटात होती.

'हद्द' हा त्यांचा लाडका शब्द. कुणी सिद्धतेत मध्येच उडी मारली की 'हद्द वलांडली.' कुणी पाठ करून आलं की 'हे तुझ्या हद्दीतलं न्हवं.' आम्ही मागे त्यांना 'हद्दवाले' म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं. एकदा हजेरी घेताना स्वतःच म्हणाले, 'हद्दवाले आले हायत, हसून घ्या.'

त्यांनी आम्हाला कृष्णेच्या काठावर नेलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. फेब्रुवारीतली सकाळ. आम्ही अकराजण आणि ती साखळी. घाटाच्या पुढे जिथे पायऱ्या संपून नुसता काठ लागतो तिथे त्यांनी दोन खुंट्या ठोकल्या आणि म्हणाले, 'ह्या खुंटीपासनं त्या खुंटीपर्यंत पाण्याची कड मोजा.' साखळीनं मोजली. मग म्हणाले, आता वितीनं. वीत साखळीपेक्षा जास्त आत-बाहेर वळते, लांबी वाढली. मग काडेपेटीतली काडी दिली. ओल्या मातीत गुडघ्यांवर रांगत आम्ही काडीकाडीनं नदी मोजत होतो आणि आकडा वाढतच होता. गोधड्या धुणारी एक बाई थांबून बघत होती.

'काय मोजताय वं?'

'काठ,' सर म्हणाले.

'कुनाला वाटून द्यायचाय?'

'आजून मोजणीच पुरी न्हाई मावशी. वाटणीचं लांबच.'

बाई हसली. सरही हसले. तसं मोकळं हसताना मी त्यांना दोनदाच पाहिलं, त्यातलं हे एक. मग चिखलाचे हात पाण्यात बुडवत ते आम्हाला म्हणाले, 'माप लहान केलं की काठ वाढतोय. म्हंजे कोण चुकलं? नदी न्हाई चुकली. आपण चुकीचं माप घिऊन आलो. ज्या वस्तूला जे माप लागतं ते हुडकायचं, एवढाच माझा विषय हाय.' मला त्या क्षणी तो विषय कळल्यासारखा वाटला. पुढे कळलं की कळला नव्हता.

सरांच्या मनात एक पुस्तक होतं. पुस्तक म्हणजे टिपणंच, एकशे चाळीसेक पानांची: 'भौमितिक मापसिद्धांत : एक ओळख'. मराठीत. विद्यापीठाकडे त्यांनी अर्ज केला होता की हा विषय एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला ऐच्छिक पेपर म्हणून आमच्या कॉलेजात सुरू करू द्या आणि ज्यांना इंग्रजी झेपत नाही त्यांना मराठीत उत्तरं लिहू द्या. विद्यापीठानं कळवलं, आधी टिपणं पाठवा, तज्ज्ञाकडून तपासून घेऊ, मग बघू. पंधरा वर्षं नोकरी करून सरांनी विद्यापीठाकडे मागितलेली ही एकच गोष्ट. 'जत, आटपाडी, खानापूरकडची पोरं बी.एस्सी.ला पहिली येतात,' ते म्हणायचे, 'आणि हितं येऊन इंग्रजीच्या उंबऱ्याला ठेचकाळतात. गणिताला ठेचकाळली तर मला दुःख न्हाई.'

पण टिपणं टाइप करणार कोण? मराठी टाइपरायटरवर गणिताची चिन्हं नव्हती. आणि सरांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यातून त्यांना साखरेचा त्रास आणि त्यापायी डोळे अधू झालेले, मिरजेला उपचार चालू. तेव्हा सायक्लोस्टाईल होतं. मेणाच्या पातळ कागदावर लोखंडी लेखणीनं कोरायचं, मग तो कागद यंत्रावर चढवून हव्या तेवढ्या प्रती काढायच्या. पहिल्या वर्षाच्या दिवाळीनंतर सरांनी माझी वही पाहिली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, 'एक काम करशील का पोरी? माझं पुस्तक ल्हिवशील?'

मला आभाळ ठेंगणं झालं. रोज दुपारी विभागातल्या खिडकीपाशी बसून मी कोरायची. सरांचं हस्तलिखित वाचणं म्हणजे शिक्षाच होती. त्यात मध्येमध्ये त्यांची बोली घुसायची, 'न्हाई', 'व्हतंय', 'हुडकू'. मी ते दुरुस्त करत गेले. एकदा भीतभीत विचारलं, 'सर, हद्दऐवजी सीमा लिहू का? परिसीमा?'

'नको. सीमा पुस्तकातली. हद्दीवर माणूस उभा ऱ्हातो.' मग म्हणाले, 'बाकी भाषेत मला कळत न्हाई गं. तुझे वडील मराठीचे मास्तर. भाषा तू बघ, गणित मी बघतो.'

हे वाक्य मी फार अभिमानानं घरी सांगितलं.

आता बाबांबद्दल दोन शब्द. बाबा साताऱ्याच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि त्यांचा काही शब्दांवर दातच होता. साधारणपणे, बहुधा, एक प्रकारे, जवळजवळ. निबंधात असा शब्द दिसला की तांबड्या शाईनं गोल. 'लिहिणाऱ्याला खात्री नसली की तो या कुबड्या घेतो. ठाम लिहा.' मी त्यांची मुलगी. सरांच्या हस्तलिखितात पानोपानी मला 'जवळजवळ सर्वत्र' दिसायला लागलं. ज्या वक्राची लांबी मोजता येते त्याला जवळजवळ सर्वत्र स्पर्शिका असते. अमुक दोन फलनं जवळजवळ सर्वत्र सारखी असतात. मला वाटलं, काय हे, सर्वत्र आहे की नाही ते एकदा सांगा ना. आणि खरं सांगायचं तर मला आणखी एक गोष्ट वाटली, जी तेव्हा मी स्वतःलाही नीट सांगितली नव्हती: की बिचाऱ्यांना ठाम लिहायची सवय नाही. खेड्यातून, तशा घरातून आलेले, दबून लिहितात. आपण त्यांचं वाक्य ताठ करावं.

म्हणून मी ते ताठ केलं, 'जवळजवळ' गाळून नुसतं 'सर्वत्र' ठेवलं. त्रेसष्ट ठिकाणी. आकडा नंतर मोजला.

त्या शब्दाची व्याख्या टिपणांत नव्हती. ती दुसऱ्या वर्षाच्या सक्तीच्या पेपरात यायची आणि वाचणाऱ्याला ती येते असं सरांनी गृहीत धरलं होतं. मी पहिल्या वर्षात होते.

मार्चमध्ये चाळीस प्रती निघाल्या. शिपाई यंत्राचं चाक फिरवत होता आणि सर प्रत्येक पान उजेडाकडे धरून बघत होते. 'तुझं अक्षर वाचावंसं वाटतच न्हाई,' ते म्हणाले, 'नुसतं बघत बसावं.' तपासायचं का, असं मी विचारलं होतं. त्या आठवड्यात त्यांच्या डोळ्यांवर मिरजेला काहीतरी केलं होतं, पट्टी नुकतीच निघाली होती. 'तू ल्हिवलंयस न्हवं?' एवढंच म्हणून त्यांनी पहिल्या पानावर सही केली आणि एक प्रत विद्यापीठाला गेली.

जुलैत दुसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू झाले. सर मापसिद्धांत शिकवायला लागले आणि तिसऱ्याच तासाला त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'जवळजवळ सर्वत्र'.

'ह्या शब्दापायी माझं एक वर्ष गेलंय,' ते म्हणाले. 'मी एम.एस्सी.ला असताना पुस्तकात जितं तितं हे इंग्रजीतनं असायचं. मला वाटलं, गोरा माणूस नम्र असतोय, सारखं जवळजवळ म्हणतोय, आपण कशाला ल्हिवायचं? पेपरात सगळीकडं गाळला. नापास.'

वर्ग हसला. तेही हसले. ते दुसरं हसणं.

मग त्यांनी शेताचा चौकोन काढला आणि मधून एक रेघ ओढली. 'हे साडेतीन एकर. सगळा ऊस. ही मधली रेघ म्हंजे दोन भावांचा बांध. नकाशावर बांधाचं क्षेत्र किती? शून्य. रेघेला क्षेत्र नसतं. म्हणून म्हणायचं, ऊस जवळजवळ सर्वत्र हाय. कुठं न्हाई? जिथं न्हाई त्या जागेचं माप शून्य. ह्यो जवळजवळ म्हंजे अंदाज न्हवं, भीडभाड न्हवं. ह्यो नेमका शब्द हाय. ह्याच्याइतका नेमका शब्द आख्ख्या पुस्तकात न्हाई.' त्यांनी खडू त्या रेघेवरून पुन्हा एकदा फिरवला. 'आणि शून्य म्हणून ती रेघ न्हाई असं समजू नका. तीच रेघ लांबीच्या मापानं मोजा, दोनशे फूट भरंल. क्षेत्रात शून्य, पर तालुक्यातले निम्मे खून बांधावरच झालेत.'

मी वही मिटून टाकली. शेजारची मैत्रीण म्हणाली, बरं नाही का? मी मान हलवली.

तेव्हा जुलै होता. विद्यापीठाचा तज्ज्ञ टिपणं दिवाळीपर्यंत बघणार होता. त्याच दिवशी सरांना सांगितलं असतं तर त्यांनी रात्रीत शुद्धिपत्र करून पाठवलं असतं आणि हे सगळं इथेच संपलं असतं. मी सांगितलं नाही. रोज ठरवायची, रोज विभागाच्या दारापर्यंत जायची. सर रागावतील ही भीती नव्हती, ते कुणावर रागावत नसत. लाज वाटत होती. मराठीच्या मास्तरांची मुलगी, भाषा सुधारायला निघालेली. आणि मनात एक चोर आशाही होती की एवढी पानं कोण वाचतो. चार महिने मी त्या आशेवर काढले. आज मला तेवढं स्पष्ट लिहिता येतं की मी भित्री होते.

नोव्हेंबरात पत्र आलं. मी परीक्षेच्या फॉर्मवर विभागप्रमुखांची सही घ्यायला गेले होते, म्हणून मी तिथे होते. प्रमुख खुर्चीत, दोन प्राध्यापक चहा घेत, आणि सर उभे. त्यांच्या हातात त्यांचा पेला होता.

प्रमुखांनी पत्र मोठ्यानं वाचलं. लेखकाला 'सर्वत्र' आणि 'जवळजवळ सर्वत्र' यांतला मूलभूत फरक अवगत नसल्याचं पानोपानी दिसून येतं. ही चूक पदवीच्या विद्यार्थ्यालाही शोभणारी नाही. टिपणांची शिफारस करता येत नाही आणि सदर पेपर सुरू करण्याचं कारणही दिसत नाही. सोबत तपासलेली प्रत परत आली होती. पहिल्याच प्रमेयाच्या शेजारी तज्ज्ञानं समासात दोन तिरक्या रेघा काढल्या होत्या, कौलारू घराच्या आढ्यासारख्या, आणि जिथे रेघ मोडते त्या टोकावर प्रश्नचिन्ह: इथे स्पर्शिका कुठे आहे?

'अहो बनसोडे,' प्रमुख म्हणाले, 'हे तुम्ही? तुमचा तर हा विषय.'

सरांनी पेला टेबलावर ठेवला आणि प्रत हातात घेतली. डोळ्यांजवळ नेली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. माझं सुंदर, गोल, स्वच्छ अक्षर. त्यांना पहिल्या पानावरच कळलं असणार. मूळ हस्तलिखित त्यांच्या पाठीमागच्या कपाटात होतं, साखळीच्या शेजारी. कपाट उघडून ते दाखवायला दोन मिनिटंही लागली नसती. मी कपाटाकडे बघत होते. सरांनी तिकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही.

'चूक हाय,' ते म्हणाले. 'माझी.'

चहा पिणाऱ्यांपैकी एकजण दुसऱ्याला हळू म्हणाला, पण ऐकू जाईल इतपतच हळू, 'चालायचंच. कुणाची नेमणूक कुठल्या रकान्यातून होते, त्यावर असतं सगळं.' दुसऱ्यानं कपात बघितलं. प्रमुख म्हणाले, 'असो, असो.'

मला बोलता आलं असतं. तीन शब्द पुरले असते, 'सर, मी गाळलं.' माझ्या हातातल्या फॉर्मवर प्रमुखांची सही व्हायची होती. मी फॉर्म पुढे केला आणि त्यांनी सही केली.

व्हरांड्यात सर मागून आले. मला वाटलं आता विचारतील. ते म्हणाले, 'फॉर्मवर सही झाली का?' मी हो म्हणाले. 'मग झालं तर,' असं म्हणून सायकलकडे गेले. त्या दिवशी पेला टेबलावरच राहिला. दुसऱ्या दिवशी शिपायानं तो धुऊन कपांच्या ओळीत ठेवला होता. सरांनी तो उचलला आणि पुन्हा पिशवीत टाकला.

त्यानंतर ते आम्हाला शिकवत राहिले, तसेच, त्याच आवाजात. पण 'हद्द' हा शब्द त्यांच्या तोंडी फारसा आला नाही. विभागात कुणी विनोदानं म्हणायचं, 'बनसोडे, आज सर्वत्र ऊन आहे की जवळजवळ सर्वत्र?' सर म्हणायचे, 'ऊन हाय.' चहाच्या वेळी ते पेला घेऊन वर्गात जाऊन बसू लागले.

सर त्यानंतर जेमतेम दोन वर्षं जगले. मूत्रपिंडं गेली. मी तेव्हा साताऱ्याला शिकवायला लागले होते. जतच्या मुलानं पत्रानं कळवलं. कराडला गाडी बदलून चार तासांत सांगलीला पोचता आलं असतं. मी गेले नाही. गेलेल्या माणसासमोर कबूल करणं मला फार स्वस्तातलं वाटलं. त्यांचा तो पेपर कधी सुरू झाला नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते माझी परीक्षा संपल्यावर, एप्रिलमधल्या एका दुपारी. हॉस्टेल सोडून साताऱ्याला निघायच्या आधी सांगून टाकायचं असं नक्की ठरवून मी त्यांच्या घरी गेले. गावाबाहेरच्या वसाहतीत दोन खोल्यांचं बैठं घर. फाटकाशी काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, भेटल्या. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, नुकत्याच ड्युटीवरून आलेल्या, पायांत अजून पांढऱ्या चपला. आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं.

'विद्यार्थिनी का? या की. पर आत बसाया जागा न्हाई बगा. समदीकडं त्यांची कागदं.' त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, 'दोन म्हैने झालं ह्येच चाललंय. मिरजंच्या डाक्टरांनी डोळ्याला ताण देऊ नका म्हनून सांगितलंय, तर ह्ये भिंग घिऊन बसत्यात. पुस्तकात कसला तर एक शब्द ऱ्हायलाय म्हनं, त्यो चाळीस वह्यांत घालायचाय. कोन वाचनार हाय आता? म्हनत्यात, कवातरी कुनीतरी वाचंल, त्यानं चुकीचं वाचू नये.'

मी काहीतरी म्हणाले असेन.

'आनि ते बी आपल्या अक्षरात न्हाई. कुन्या पोरीनं ल्हिवलंय ते पुस्तक. तिच्यागत अक्षर व्हाया पायजे म्हनून रोज गिरवत्यात, पैलीतल्या पोरागत. मी म्हनलं, आवं, तुमच्या अक्षरात ल्हिवा की! तर म्हनले, माझ्या अक्षरात ल्हिवलं तर तिची चूक दिसंल. तिच्या अक्षरात ल्हिवलं तर तिनंच मागनं दुरुस्त केल्यागत दिसंल.' काकूंनी पदरानं कपाळ पुसलं. 'कोन पोरगी, नाव इच्यारलं तर सांगत न्हाईत. बसा, पानी आनते.'

त्या मागच्या दारानं आत गेल्या. मी ओट्यावर उभी होते आणि खिडकी उघडी होती.

सर जमिनीवर बसले होते. पुढ्यात पाट, पाटावर माझ्या अक्षरातलं एक पान, त्याच्या शेजारी दुरेघी वही. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. डाव्या हातात भिंग, उजव्या हातात काळ्या शाईचं पेन. वहीत ओळीनं 'जवळजवळ' लिहिलेलं, वरपासून खालपर्यंत, पानभर. 'ज' आणि 'व' माझ्यासारखे झाले होते, मलाही ओळखू येऊ नयेत इतके. 'ळ' जमत नव्हता. माझा 'ळ' शेवटी जरा आत वळतो, बाबांनी तसा शिकवला होता. सरांचा बाहेर जात होता. ते भिंगातून माझा 'ळ' बघत, ओठ मिटून आपला काढत, पुन्हा बघत, मान हलवत.

माझी सावली पाटावर पडली असावी. त्यांनी मान वर केली आणि थेट खिडकीकडे पाहिलं. आमच्यात दोन हातांचं अंतर होतं.

'कोण हाय?' ते म्हणाले.

त्यांना दिसत नव्हतं. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

सर जरा वेळ तसेच माझ्याकडे बघत थांबले. मग 'कुणी न्हाई' असं स्वतःशीच म्हणून त्यांनी भिंग पुन्हा पानावर धरलं आणि पुढचा 'ळ' काढायला खाली वाकले.